आधी खोट सांगा

इंगोले सरांकडं कुणी काही विकायला आलं की ते आधी त्याला खुर्ची द्यायचे, मग पाणी द्यायचे, आणि त्यानं ग्लास तोंडाला लावला की म्हणायचे, "आधी खोट सांगा. गुण मागून ऐकू."

निम्म्या लोकांना तिथंच ठसका लागायचा.

वस्तू कोणतीही असो, इन्व्हर्टर, फिनेल, विमा. एकदा विमा विकायला आलेल्या पोरानं बराच वेळ छताकडं बघून सांगितलं, "सर, खोट म्हणजे... पैसे मिळायला माणसाला मरावं लागतं." सरांनी त्याला चहा पाजला आणि तिथल्या तिथं विमा उतरवला. कारण काय, तर "पोरगं खरं बोललं."

त्यांचं लग्न का जमलं नाही, याचंही उत्तर यातच होतं. मुलगी बघायला गेले की पोह्यांच्या बश्या यायच्या आत हे सुरू व्हायचे. "माझा डावा कान कामाचा न्हाई. राग आला की मी दोन-दोन दिवस बोलत न्हाई. आईला सोडून राहणार न्हाई, अन् आई कडक हाय." मुलीचा बाप मग आलेल्या पोह्यांकडं बघत बसायचा. "एकानं तरी पुढं विचारावं की न्हाई, गुण काय हाय म्हणून?" असं सर आम्हाला हसत सांगायचे. आम्हीही हसायचो. आता ते पन्नाशीला टेकले होते. जवळा बाजारला आईसोबत राहायचे, आणि आईला तर काहीच ऐकू येत नव्हतं. "घरात माणसं दोन अन् बहिरे कान तीन," ते म्हणायचे. "भांडणाची काही तकलीफच न्हाई."

आमची कंपनी म्हणजे हिंगोलीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावरच्या तीन खोल्या. छोट्या दवाखान्यांसाठी आणि रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. सचिनभाऊ मालक, इंगोले सर टीमचे प्रमुख, मी आणि आणखी दोघं कोड लिहिणारे. आम्ही लिहिलेलं सगळं ज्योती खिल्लारे तपासायची, एकेक बटण हातानं दाबून. ज्योती वसमतच्या बाजूची. वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, भाऊ शिकत होता, आणि घर तिच्या पगारावर चालायचं.

आमच्याकडची सगळी साधनं फुकटची होती. कोड साठवायची जागा फुकटची, चुका नोंदवायला एक साधा तक्ता, आणि टेस्टिंगला ज्योती. सचिनभाऊंना त्याचा अभिमानही होता. सरांना नव्हता. "फुकटाला धनी नसतो," ते म्हणायचे. "बंद पडलं तर कोणाच्या दारात जाऊन बसायचं?"

मग ते झालं.

औंढ्याच्या बाजूला एक लहानशी लॅब आमचं सॉफ्टवेअर वापरायची. एकाच दिवशी एकाच नावाचे दोन पेशंट आले, आणि एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नोंदीवर छापला गेला. कोड जुना, लिहिणारा कधीचाच सोडून गेलेला. ज्या पोराला तो चुकीचा कागद मिळाला, ते जेमतेम विशीतलं. कागदावरच्या आजाराचं नाव वाचून त्यानं घरी कुणाला काही सांगितलं नाही. सिद्धेश्वर धरणावर गेला आणि भिंतीवर जाऊन बसला. खाली जाळी आवरणाऱ्या मच्छीमारांना त्याचं बसणं बरं दिसलं नाही. ते वर आले, त्याला बोलतं केलं, आणि मोटरसायकलवर मधे बसवून घरी आणून सोडलं.

सर त्या घरी जायला निघाले तेव्हा मी सोबत गेलो. सचिनभाऊ म्हणाले होते, जाऊ नका, वकिलाला विचारू. सर गेलेच. पोराचा बाप दारात उभा होता. सरांनी चपला काढल्या आणि म्हणाले, "भाऊ, खोट आमची हाय. तुमच्या लेकराला काहीच झालेलं न्हाई. आमच्या मशीननं चुकीचं छापलं."

बापानं आधी सरांच्या चपलांकडं बघितलं. मग म्हणाला, "लेकरू वाचलं. आता तुमी जा."

आम्ही परत आलो. त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सचिनभाऊंनी सरांना आणि मला आतल्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं. "माणूस थकतं. मशीन थकत नाही," ते म्हणाले. "पैसे मोजून चांगलं टेस्टिंगचं टूल घ्या. सर, तुम्ही निवडा. आणि ते आलं की ज्योतीची गरज राहणार नाही. तिला आत्ताच सांगू नका."

बाहेर ज्योती कीबोर्ड बडवत होती. तो आवाज आत ऐकू येत होता.

तेव्हापासून डेमो सुरू झाले. बेंगळुरूचे, गुडगावचे, पुण्याचे विक्रेते पडद्यावर यायचे, हसरे चेहरे, मागं खोट्या हिरवळीचं चित्र. सर पुढं झुकून, उजवा कान लॅपटॉपकडं करून म्हणायचे, "पहले खोट बताओ."

"सर, इसमें कोई खोट नहीं है."

"फिर रहने दो."

पहिले काही दिवस मजा आली. एकानं तीन वेळा "डोन्ट वरी" म्हटलं म्हणून तो बाद. एकाच्या टूलला 'ज्ञानेश्वर' हे नाव भरता येईना, तो बाद. हे मला पटलंही, आमचे निम्मे पेशंट ज्ञानेश्वर. एकाला सरांनी विचारलं, हे टूल बनवलं कोणी, त्याचं नाव काय? त्याला सांगता येईना. "बापाचं नाव माहीत न्हाई अन् लेकरू विकून राहिला," सर म्हणाले.

पण पाऊस सरत आला, सोयाबीन काढणीला आलं, तरी सरांचं टूल ठरेना. मग पुण्याच्या एका पोरानं प्रामाणिकपणे आपल्या टूलची खोट सांगितली, एक नव्हे तीन. शिकायला अवघड आहे, माणसानं बसून लिहून द्यावं लागतं, आपोआप काही होत नाही. मला वाटलं, जमलं. सर म्हणाले, "हा जास्तच खरं बोलतो. न्हाई पाहिजे."

मी चिडलो. रोज संध्याकाळी नवा कोड पहिल्यासारखाच गिऱ्हाइकांकडं जात होता. चहाच्या टपरीवर मी त्यांना गाठलं.

"सर, खरं सांगणाऱ्यालाही तुम्ही हाकललं. काहून?"

ते बशीत चहा ओतत राहिले.

"तुम्हाला टूल घ्यायचंच नाही. ज्योतीमुळं. ते मला कळतं. पण अजून एखादं पोरगं धरणावर जाऊन बसेल त्याचं काय?"

चहा बशीतून सांडला. त्यांनी तो शर्टाच्या बाहीनं पुसला, माझ्याकडं बघितलं नाही. "बराबर हाय तुमचं," म्हणाले आणि बशी तशीच ठेवून निघून गेले.

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. राग आला की ते बोलत नाहीत, हे ते सगळ्यांना सांगतच असत. पण त्या दोन दिवसांत मी त्यांना पुण्याच्या त्याच टूलची मोफत ट्रायल घेऊन बसलेलं पाहिलं. जेवताना एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातानं माउस. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमचा जुना दोन सारख्या नावांचा घोळ त्या टूलकडून मुद्दाम पुन्हा घडवून आणला, आणि टूलनं तो लाल रंगात पकडून दाखवला. आमच्यातल्या कुणालाच ते इतक्या लवकर जमलं नसतं. सर त्या लाल ओळीकडं बराच वेळ बघत बसले.

मग ते सचिनभाऊंकडं गेले. मीही होतो.

"हेच घ्या," सर म्हणाले. "पण ह्याची खोट सांगतो. हे आपोआप चालत न्हाई. एक माणूस ह्याच्याजवळ कायम पाहिजे. कंपनी एकाला शिकवून देते म्हणली."

"मग तुम्ही शिका."

"मला जमणार न्हाई."

सचिनभाऊ हसले. "सर, तुम्हाला नाही जमणार?"

"दोन दिवस बसलो ना ह्याच्यापुढं. डोक्यात शिरत न्हाई. माझं डोकं आता नवं काही घेत न्हाई, सचिनभाऊ. माझी खोट हाय ती." सर जमिनीकडं बघत होते. "पोरगी घेईल. ज्योती. तिला प्रत्येक बटण तोंडपाठ हाय."

सचिनभाऊंनी माझ्याकडं बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर ती लाल ओळ होती. मीही जमिनीकडं बघितलं. सरांना मी ओळखायला लागल्यापासून त्यांनी स्वतःची सांगितलेली ही पहिली खोटी खोट.

ज्योती शिकली. पहिले काही आठवडे ती रडकुंडीला यायची. सर तिच्यामागं उभे राहायचे आणि म्हणायचे, "मला काय कळतंय ह्यातलं? पण ते वरचं नाव बदलून बघ बरं." ती बदलायची आणि चालायचं. "अरे वा! बघ, तुला आलं की न्हाई." असं रोज. नंतर नंतर तिला विचारावं लागेना. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती झोपेतसुद्धा त्या टूलशी बोलत असेल असं आम्ही म्हणायचो. सारख्या नावांचा घोळ पुन्हा कधी झाला नाही.

पण एकदा उडालेला भरवसा परत येत नाही. त्या प्रकरणाची कुणकुण दवाखान्यांना लागली होतीच. एकेक गिऱ्हाईक सुटत गेलं. सचिनभाऊंना एक पगार कमी करायचा होता, आणि त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर, आवाज शक्य तितका मऊ करून म्हटलं, "सर, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्हीच म्हणाला होतात, डोकं आता नवं घेत नाही."

"व्हय," सर म्हणाले. "म्हणलो होतो."

ज्योती उठून उभी राहिली. सरांनी तिच्याकडं बघितलं, आणि नुसती मान हलवली. ती खाली बसली. ती खरं काय ते बोलली असती तर तिला खोटं बोलून ठेवलं हे उघडं पडून तिचीही नोकरी गेली असती आणि सरांचीही टिकली नसती, हे तिला, मला आणि सरांना तिघांनाही माहीत होतं. सरांनी टेबलाचा खण रिकामा केला, डब्याची पिशवी खांद्याला लावली आणि संध्याकाळच्या एसटीनं गेले. निरोपाचा समारंभ वगैरे काही झाला नाही. केक आणू म्हटलं तर सचिनभाऊच म्हणाले, राहू द्या, बरं दिसत नाही.

"त्यांना सगळं येत व्हतं," ज्योती मला नंतर जिन्यात म्हणाली. "माझ्याआधी येत व्हतं. पहिल्याच आठवड्यात कळलं मला." आणि मग, भिंतीकडं तोंड करून, "मी काय करायला पाहिजे व्हतं, शिंदे सर? सांगा ना."

मी तिला पायरीवर बसवलं आणि पाणी आणून दिलं.

मी फोन करायचो, पण फोनवर सरांना नीट ऐकू यायचं नाही. चुकून डावा कान लावायचे आणि आपणच "हॅलो, हॅलो" करत बसायचे. शेवटी दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी मी जवळा बाजारला गेलो. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची ही गर्दी. सरांची आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी वाकून नमस्कार केला, तिनं मला ओळखलं नाही, पण हातानं आत जा म्हणून खुणावलं.

आतून सरांचा आवाज येत होता. हिंदीत.

सर लॅपटॉपपुढं बसले होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल लावून भांग पाडलेला, खाली लुंगी. मागच्या धान्याच्या पोत्यांवर एक स्वच्छ चादर ताणून बांधलेली. पडद्यावर एक तरुण मुलगी टेस्टिंगच्या कुठल्याशा नव्या टूलची चित्रं दाखवत होती. सरांनी मला बघितलं, जरासे ओशाळले, आणि बाजूच्या खुर्चीकडं बोट दाखवलं.

"सर, आप मुझे सुन पा रहे हैं?" मुलगी म्हणाली.

"बराबर सुन रहा हूँ. खाना खाया आपने?"

ती हसली. "हाँ सर. और आपने?"

"हाँ. मेथी थी."

सरांनी आवाज बंद केला आणि माझ्याकडं वळले. "मंगळवारी एक व्हता, गुडगावचा. उद्या एक हाय." थोडं थांबून म्हणाले, "घ्यायचं काहीच नसतं. ते माहीत हाय मला. पण ते फार आदबीनं बोलून राहतात. अर्धा तास. कसे आहात विचारतात." बाहेर ओट्यावर शेंगा मोडल्याचा आवाज येत होता. "दुपार लई लांब असती हो इथं."

त्यांनी आवाज परत चालू केला.

"तो सर," मुलगी म्हणाली, "मैं आपके लिए प्लॅन देख लेती हूँ. आपकी टीम में कितने लोग हैं?"

सरांनी तोंड उघडलं. इतका वेळ तिच्याशी सराईतासारखे बोलणारे सर पडद्याकडं नुसते बघत राहिले. मग त्यांची नजर दाराबाहेर आईकडं गेली, आणि तिथून माझ्याकडं आली नाही, कीबोर्डवर उतरली.

"सर? कितने लोग?"

मी खुर्ची ओढून त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात माझा अर्धा चेहरा दिसायला लागला.

"दो लोग हैं, मॅडम," मी म्हणालो. "आप बताइए."

सरांनी लॅपटॉप थोडा मागं सरकवला, दोघंही नीट दिसू इतका.