हळद लावलेला कोंबडा

मी फक्त डालगं उचललं. एवढाच माझा गुन्हा. नविनशेठना बसायला घरात खुर्ची नव्हती, आणि कोंबड्या झाकायचं पालथं डालगं म्हणजे बरं स्टूल होतं. त्याच्याखाली कोंबडा आहे हे मला माहीत नव्हतं, असं नाही. माहीत होतं. पण पाहुणा उभा आणि कोंबडा आरामात बसलेला, हे मला बघवेना.

(हे मी सांगतोय आणि माझी सून निलम लिहितेय. मला शाळा लाभली नाही. मध्येच अक्षर हललं तर समजून घ्यावं, ती हसतेय.)

कोंबडा साधा नव्हता. दिवाळीच्या आधी निलमचं बाळंतपण अडलं. तिला घेऊन जीप उधव्याच्या रस्त्याने दवाखान्याकडे निघाली आणि लाडकी, म्हणजे माझी म्हातारी, अंगणातच गावदेवीला बोलली, दोन्ही जीव धड घरी आले तर तुला तांबडा कोंबडा देईन. दोघी धड आल्या. नात शितल आता कुशीवर वळते. मग लाडकीने पिलापासून पोसलेला तांबडा कोंबडा निवडला, मानेला हळद लावली आणि होळीच्या आधी द्यायचा म्हणून डालग्याखाली कोंडला. हळद लागली की तो देवीचा. त्याच्या बदली दुसरा चालत नाही.

"त्याचा पाय बांधून ठेव," ती मला बोलली होती. मी हो म्हटलं होतं. हो म्हणायला मी कधीच उशीर करत नाही.

आता नविनशेठ. डहाणू रोडला स्टेशनजवळ त्यांचं दुकान आहे. त्यांच्या वडलांच्या चिकूवाडीत राखण करता करता मी म्हातारा झालो. तेवढ्यावरून शेठच्या मनाने घेतलं की सुकऱ्याकाकांना पाखरांची सगळी माहिती. कसली माहिती. माझं काम पाखरं हाकलायचं. गोफण फिरवायची, डबा बडवायचा. जन्मभर मी पाखरं पाठमोरीच बघितली. पण थंडी सरत आली, पळस फुलला आणि शेठ बायकोला घेऊन पहाटेच दारात. "काका, आम्हाला रानातली पाखरं दाखवा." मालकाच्या पोराला नाही कसं म्हणायचं?

"जरा बूट आवळून घेतो," शेठ बोलले. मी डालगं उचललं.

कोंबडा उठला. त्याने माझ्याकडे बघितलं, शेठकडे बघितलं, आणि सावरीच्या झाडाखालून रानाकडे निघून गेला. पळालाही नाही. कोर्टातून निर्दोष सुटलेला माणूस कसा जातो, तसा गेला.

"काका, कोंबडा चालला."

"येतो फिरून," मी म्हटलं. "त्याला सवय आहे."

शेठचे बूट झाल्यावर मी डालगं जागेवर पालथं घातलं आणि वर दगड ठेवला. लाडकी पाण्याला गेली होती, हे देवीचंच देणं.

रानात शेठची बायको दक्षाबेन एकेक पाखरू दाखवत होती. हळद्या, सुतार, बुलबुल. मी वर बघतच नव्हतो. माझी नजर झुडपांच्या बुडाशी.

"जो ने, बघ ना, नविन," ती हळूच बोलली, "काका कसे जमीन वाचतात."

मी आणखी खाली वाकलो. लाज लपवायला तेवढीच जागा होती.

ओहळाजवळ बांबूचं बेट आहे. तिथे दक्षाबेन एकदम थांबली. दुर्बीण डोळ्याला, आणि आवाज एकदम खाली. "नविन, हलू नको. रानकोंबडा."

"लाल? लाल आपल्याकडे नसतो."

"आहे ना पण. आणि मानेवर पिवळा पट्टा आहे. हा तर पुस्तकात पण नाही."

शेठनी दुर्बीण माझ्या डोळ्याला लावली. माझा कोंबडा माझ्या नाकासमोर उभा. इतका जवळ, की मी झडप घालून धरायला गेलो. हाताला शेठची टोपी लागली.

"काका, तुमच्यात याला काय बोलतात?"

"कोंबडा."

"बस, नुसतं कोंबडा?" दक्षाबेन शेठकडे बघून हसली. "किती साधं, किती छान. रानातलाच ना पण?"

"आत्ता तरी रानातच आहे," मी म्हटलं.

मी खोटं बोललो नाही. म्हणून तर जास्त लाज वाटते. खोटं बोललो असतो तर निदान कबूल करायला एक खोटं असतं. आणि सांगणार तरी कसं? बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. बोलली, इतकी वर्षं फिरते काका, पण कोणी बघितलं नाही असं पाखरू मला पहिल्यांदा दिसलं. तिने फोटो काढले. तिची नजर कोंबड्यावरून हलत नव्हती. माझी पण. कारणं वेगळी.

ते डहाणूला परत गेले आणि माझी खरी वणवण सुरू झाली. रोज संध्याकाळी मी मुठीत दाणे घेऊन बांबूत जायचो. कोंबडा मला बघायचा आणि आणखी आत जायचा. जन्मभर पाखरं हाकलणारा हात, त्याला ओळखू आला असावा.

घरी वेगळीच पंचाईत. "कोंबड्याला मीच दाणा घालणार," असं मी जाहीर केलं. लाडकीला बरं वाटलं, म्हातारा देवाधर्माला लागला. मी रोज रिकाम्या डालग्याखाली दाणे टाकायचो, पाण्याची वाटी सरकवायचो आणि त्याच्याशी चार शब्द बोलायचो. दाणे संपत पण होते. कोण खात होतं, हे बघायची माझी हिंमत नव्हती.

"हा आरवत कसा नाही?" लाडकीने एकदा विचारलं.

"नवसाचा आहे. गंभीर झालाय."

"असा कसा गंभीर होतो कोंबडा? देवीला मुका कोंबडा देऊ का मी? पोरीला काय झालं तर?"

ती हसत नव्हती. शितलकडे बघत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी पहाटे मी घरामागे गेलो, तोंडाला दोन्ही हात लावले आणि आरवलो.

परत आलो तर निलम चुलीपाशी. "आबा, घसा बसलाय का? काढा करू?"

(ती म्हणते, मला तेव्हाच कळलं होतं. मग बोलली का नाही, तर म्हणते, आबा दुसऱ्यांदा चांगले आरवले होते.)

रविवारी दारात दोन गाड्या थांबल्या. नविनशेठ, दक्षाबेन आणि गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसंच माणसं. अंगणात उभं राहायला जागा नाही. पिवळ्या पट्ट्याचा रानकोंबडा बघायला ती पार वापीहून आली होती. लाडकीने सगळ्यांना बिनदुधाचा चहा दिला. आणि दक्षाबेनने, बिचारीने, आपल्या आनंदात तिला पण घ्यावं म्हणून मोबाईल पुढे केला.

"काकी, बघा. काकांनी दाखवला."

लाडकीने फोटो बघितला. मग मला बघितलं. मी चहात बघितलं.

तिने चहाचं भांडं खाली ठेवलं. डालग्यापाशी गेली, दगड बाजूला केला आणि डालगं उचललं. आत वाटी होती, दाणे होते, आणि एक उंदीर होता, चांगला पोसलेला. त्याला पण सगळ्यांनी बघितलं. कोणीतरी सवयीने फोटो काढला.

लाडकीने सुपातले मूठभर तांदूळ घेतले आणि बांबूच्या वाटेला लागली. मागे सगळे कॅमेरे. सगळ्यांच्या मागे मी.

"काकी, हळू," एक पाहुणा कुजबुजला. "पाखरू बुजेल."

लाडकी बेटासमोर उभी राहिली आणि घरी हाक मारते तशी मोठ्याने हाक मारली. "आ, आ, ती ती ती ती."

बांबू हलले. कोंबडा बाहेर आला, पंख पसरून कॅमेऱ्यांच्या मधून धावला आणि तिच्या पायाशी तांदूळ टिपू लागला. तिने त्याला काखोटीला मारलं.

एकेक कॅमेरा खाली आला. मग दक्षाबेन पुढे आली. "काकी, मानेवर हे पिवळं?"

"हळद."

"हळद," दक्षाबेन बोलली, आणि मोबाईल पर्समध्ये ठेवला. माझ्या बाजूने निघून ती वाटेला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नविनशेठनी मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्ही तर पहिल्याच दिवशी याला नुसतं कोंबडा बोलला होतात. आम्हीच ऐकलं नाही." इतकं चांगलं बोलायची काही गरज नव्हती. मी घरापर्यंत मान वर केली नाही.

त्याच दिवशी लाडकीने नवस फेडला, पुन्हा माझ्या भरवशावर राहायला नको म्हणून. शितलला देवीच्या पायावर घातलं, मगच ती मोकळी हसली. डहाणूची आणि वापीची माणसं जेवायला थांबली नाहीत. आमचा पाडा मात्र सगळा जेवायला आला, आणि आरवण्याची गोष्ट माझ्याआधी पंगतीत येऊन बसली होती.

लाडकी वाढत आली. माझ्या ताटात भात पडला, भातावर कोंबड्याचा रस्सा पडला, आणि ती पुढे सरकली.

"फोड?" मी हळूच विचारलं.

ती मागे आली. पातेलं माझ्यासमोर तिरपं धरलं आणि पळीने फोडी एकेक करून वर केल्या, सावकाश, मला नीट दिसतील अशा.

"तू बघणारा माणूस," ती बोलली. "बघून झालं? आता जेव."