मूठभर मातीचा आहेर

शिवाप्पाअण्णांच्या घरी मोकळ्या हातानं गेलं, की ते फाटकातच अडवतात. हातात पेढे असले, फळं असली, तरी त्यांच्या लेखी हात मोकळाच. त्यांना माती लागते. तुमच्या गावची, मूठभर.

मी त्यांच्या समोरच राहतो. आमची कॉलनी कोल्हापूरच्या टोकाला, मुरमाड माळावर. इथं माझी जास्वंद तीनदा मेली. कागलचं चांगलं परसदार असलेलं घर विकून अण्णा सत्तरीत या माळावर राहायला आले, तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात जन्म घालवलेला माणूस, त्याला मुरूम कळू नये?

मग वास्तुशांतीची पत्रिका आली. लोक खाली छापतात, 'कृपया आहेर आणू नये.' अण्णांनी छापलं होतं, 'आहेर म्हणून आपल्या गावची मूठभर माती आणावी.' मी पोट धरून हसलो. पण पाहुण्यांनी ते मनावर घेतलं. जयसिंगपूरच्या व्यापारी मेव्हण्यानं साडीच्या खोक्यातून आणली. नृसिंहवाडीहून नदीकाठचा गाळ पेढ्यांच्या बॉक्समधून आला. काहींनी तर रिक्षातून पोतीच उतरवली. अण्णा प्रत्येक माती चिमूटभर जिभेवर ठेवून बघत होते. एकाची चाखली आणि थुंकले.

"पावणं, ही तुमच्या गावची न्हाय. आमच्या कोपऱ्यावरच्या गटारीची हाय."

तो पाहुणा मी होतो. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं गावी जाऊन पिशवीभर माती घेऊन आलो.

आज दोन वर्षांनी त्या मुरमावर पाय ठेवायला जागा नाही. विटा लावून प्रत्येक गावाचा वेगळा वाफा. "जयसिंगपूर वांगी देतंय बगा. वाडी नुसती पाणी पितीय. तुमचं गाव आळशी, पण दोडका बरा धरतंय," असं अण्णा चारचौघांत सांगतात. गावाचा अपमान गिळून मी रोज सकाळी तिथं उभा राहतो आणि थक्क होऊन बघतो.

दाराजवळचा एक वाफा मात्र रिकामाच. त्यालाही रोज पाणी.

"अण्णा, रिकाम्या वाफ्याला कशाला पाणी घालताय?" मी एकदा विचारलं.

उत्तर अण्णांच्या बायकोनं, काकूंनी दिलं, पायरीवर शेंगा सोलता सोलता. "ती लेकीची जागा हाय."

मग कळलं. दहा वर्षांपूर्वी लेकीनं आपल्या मनानं लग्न केलं, संकेश्वरकडच्या एका शेतकऱ्याशी. तेव्हा अण्णांनी कागलच्या उंबऱ्यावर उभं राहून तिला बजावलं होतं, 'या दारात पुन्हा पाऊल टाकायचं न्हाय.'

"दिलेला शब्द मोडता येत न्हाय," अण्णा खुरप्याकडे बघत म्हणाले. "पण दार बदलता येतंय की."

लेक यावी म्हणून या माणसानं अख्खं घर बदललं होतं, आणि मी म्हणत होतो त्याला मुरूम कळत नाही. पत्रिका लेकीलाही गेली होती. ती आली मात्र नव्हती.

गेल्या आठवड्यात फाटकाशी एक जीप थांबली. लेक उतरली. हात मोकळे. ती फाटकाबाहेरच उभी राहिली.

"पत्रिका मिळालीती, अण्णा. पर धीर झाला न्हाय. आज सकाळी न्हाय ऱ्हावलं, तशीच निघून आले. माती आणायची ऱ्हायली."

पेढ्यांचे बॉक्स घेऊन आलेली माणसं या फाटकातून परत गेलेली मी पाहिली होती. अण्णा खुरपं घेऊनच बाहेर आले. तिच्याकडे न बघता जीपच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि टायरच्या खाचांत रुतलेला काळा चिखल खरवडू लागले. बराच वेळ खरवडत होते. ओंजळ भरली, तसे गुडघ्यावर हात टेकून उठले. पहिल्यांदाच त्यांनी माती चाखून बघितली नाही.

"आणलीयास की," ते म्हणाले. "चल आत."