बावीस हातांची खुर्ची

या, असे जवळ येऊन बसा. मागं भिंतीला टेकलेत त्यांनीही पुढं सरका, मोबाइल मांडीखाली घाला. एका खुर्चीची गोष्ट सांगतो. देवाची नाही, पण देवाच्या दारापर्यंत जाते. दारापर्यंतच.

नवी मुंबईतल्या एका जुन्या गावात पुतळाबाई राहतात. गावाच्या तिन्ही बाजूंना सेक्टर उभे राहिले. चौथ्या बाजूला खाडी आहे म्हणून ती राहिली. पुतळाबाईंचं वय चौऱ्याहत्तर, खुब्याचं हाड मोडून नीट न जुळलेलं. मुलगा देवजी न्हावा शेव्याहून ट्रेलर घेऊन गेलेला, तो पुढच्या आठवड्यात येणार. घरात सून सुचिता, तीही अंगानं काडी. विठ्ठलाचं देऊळ ओट्यापासून दोनशे पावलांवर. गावात सप्ताह बसला होता आणि रविवारी सकाळी काल्याचं कीर्तन होतं. गेल्या वर्षी ते त्यांनी ओट्यावर बसून भोंग्यातून ऐकलं होतं.

"आवाज येतो गो," त्या सुचिताला म्हणाल्या, "पन बुवांचा हात कवा वर गेला, ते भोंग्यातून दिसत नाय."

यंदा काला डोळ्यांनी बघायचा, एवढंच त्यांचं मागणं. त्यासाठी सुचितानं व्हीलचेअरचा रीतसर अर्ज केला आणि 'खाडीकिनारा सेवा क्लब'नं तो तातडीनं मंजूर केला.

सोमवारी खुर्ची आली. चकचकीत व्हीलचेअर, वर प्लास्टिक, त्यावर लाल फीत. अध्यक्ष राजवर्धन, सचिव नंदकिशोर आणि आणखी नऊ सभासद. अकरा जणांनी खुर्चीला दोन्ही हात लावले. बावीस हात लागल्यावर खुर्ची दिसेना, म्हणून फोटोवाल्यानं सगळ्यांना थोडं मागं घेतलं. फोटो झाला. पुतळाबाईंनी सुनेचा खांदा धरून बूड टेकवायला घेतलं, तसे राजवर्धन ओरडले,

"आजी, एक मिनिट! प्लास्टिक काढू नका!"

अडचण अशी होती, की माजी अध्यक्ष तळोज्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. त्यांच्या गैरहजेरीतच दान उरकलं असतं तर क्लबमध्ये फूट पडली असती. आणि खुर्चीवर कुणी बसलं की ती वापरलेली ठरते; वापरलेली वस्तू सन्मानानं देता येत नाही. खुर्ची क्लबच्या हॉलवर परत गेली.

मंगळवारी माजी अध्यक्षांनी ती दिली. बुधवारी महिला विभागाच्या प्रियदर्शिनी मॅडम म्हणाल्या, "म्हणजे सेवा फक्त पुरुषच करतात का?" मग महिला विभागानंही दिली. गुरुवारी क्लबचे विभागप्रमुख भेटीला आले. त्यांना नुसता चहा पाजून पाठवणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांच्या हस्तेही दिली.

दर वेळी पुतळाबाई धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर तयार असत. दर वेळी खुर्ची हॉलवर परत जाई. आणि सोमवारपासून दर संध्याकाळी नंदकिशोर, जे स्वभावानं सरळ गृहस्थ होते, क्लबच्या वरच्या प्रांत कार्यालयाचा छापील फॉर्म भरत: लाभार्थी – पुतळाबाई. वाटप – व्हीलचेअर, एक. फॉर्ममध्ये 'तीच' असा रकाना नव्हता.

शुक्रवारी प्रांत कार्यालयाकडून पत्र आलं. नंदकिशोरनी ते ओट्यावर उभ्यानंच वाचून दाखवलं.

"सदर लाभार्थीने चार दिवसांत चार व्हीलचेअर स्वीकारल्याचे निदर्शनास आले आहे. एका व्यक्तीस एका वेळी एकाच व्हीलचेअरवर बसता येते, ही बाब विचारात घेता, उर्वरित तीन खुर्च्यांचा विनियोग कसा केला, याचा लेखी खुलासा सादर करावा."

"चार?" पुतळाबाई म्हणाल्या. "अरे बाबा, मी एकीवर पन बसले नाय!"

"मला माहीत आहे हो आजी," नंदकिशोर मान खाली घालून म्हणाले.

"मग तसंच लिवा ना."

नंदकिशोरनी तसं अध्यक्षांना सुचवून पाहिलं. राजवर्धन हबकले. "तीन उपक्रम रद्द होतील, नंदूशेठ! सर्वोत्तम क्लबची ढाल पलीकडच्या सेक्टरवाल्यांकडे जाईल. एकच झाड पाच वर्षं लावतायत ते लोक!"

उपाय निघाला. पुतळाबाईंनी चारही खुर्च्या परत कराव्यात, म्हणजे प्रकरण मिटेल. पण फॉर्ममध्ये 'परत' असाही रकाना नव्हता, 'दान' होता. त्यामुळे शनिवारी पुतळाबाईंनी क्लबला चार व्हीलचेअर दान केल्या. खुर्ची एकच असल्यानं फोटो चार बाजूंनी काढला. त्यांना शाल, श्रीफळ आणि 'दानशूर' असं मानपत्र मिळालं.

सुचितानं पदर खोचला. "झालं ना आता तुमचं? मग उद्या त्याच खुर्चीत बसवून न्या की आत्यांना."

"ताई, टेन्शन घेऊ नका, पण ते बरं दिसेल का?" राजवर्धन समजुतीनं म्हणाले. "आपणच दिलेल्या वस्तूवर दात्यानं बसायचं? लोक काय म्हणतील त्यांना?"

रविवारी ती खुर्ची देवळातल्या मांडवात बुवांच्या उजव्या हाताला ठेवली होती. प्लास्टिकवर हार, हाराखाली चिठ्ठी: 'पुतळाबाई यांजकडून'. पहिल्या रांगेत क्लब बसला होता. बुवांना ते पाहून गहिवरून आलं. कीर्तन थांबवून ते म्हणाले, "बघा, स्वतःला चालता येत नाही, आणि ही माउली दुसऱ्यांसाठी खुर्च्या देते! वाजवा टाळी!"

मांडव दणाणला.

ओट्यावर पुतळाबाईंनी भोंग्यातून स्वतःचं नाव ऐकलं. नवी शाल खांद्यावर सारखी केली आणि विचारलं,

"सुचिता, बुवांनी हात वर केला काय गो?"

"केला असंल, आत्या," सुचिता म्हणाली आणि चुलीकडे वळली.

आता खरं सांगतो. म्हातारी वजनाला फार नाही. दोघांनी हातात हात गुंफून पाळणा केला, की दोनशे पावलं सहज येते. बावीस हात लागत नाहीत, चार पुरतात. त्या दिवशी मी मांडवात दुसऱ्या रांगेत होतो आणि तुम्ही माझ्या शेजारी. आपण काय जोरात टाळ्या वाजवत होतो! माझे दोन, तुमचे दोन. मोजा, चारच होतात.

पुढच्या सप्ताहाला याल तेव्हा देवळाच्या वाटेवर उजवीकडे निळा ओटा लागेल. तिथं पुतळाबाई बसलेल्या असतील, त्यांची आठवण ठेवा. येताना काही आणू नका. हात मोकळे असू द्या.