भोवरे बघणारे मामा

आमचे पाचोडचे दादाराव मामा कुणाचीही ओळख करून घेताना आधी त्याच्या टाळूवरचा केसांचा भोवरा बघतात. दोन भोवरे दिसले की त्याची दोन लग्नं ठरलेली. माझा साडू पार टकला. त्याला बघून मामा म्हणाले, ह्याचा तर सातबाराच कोरा! साडू अजून त्यांच्याशी बोलत नाही.

हे वेड मूळचं घोड्यांचं. घोड्याच्या अंगावर भोवरा कुठं आहे, त्यावरून तो धन्याला लाभणार की बुडवणार हे कळतं, असं मामांचं शास्त्र. त्यापायी स्वतःच्या लग्नात त्यांनी कहर केला. मारुतीच्या देवळातून मांडवात नवरदेवानं घोडीवरून यायचं, तर सासऱ्यांनी आणलेल्या घोडीच्या छातीवर ह्यांना वाईट भोवरा दिसला. झालं! घोडी रिकामी पुढं, आणि मुंडावळ्या बांधलेले मामा तिच्यामागं पायी.

मामी जन्मभर त्यांना 'पायी नवरदेव' म्हणाल्या. हसूनच म्हणायच्या, पण सल होता. मैत्रिणी माडीवरून बघत होत्या, एकदा तरी घोडीवर बसून दाखवायचं होतं, असं आम्हाला कितीदा सांगायच्या. मामा म्हणायचे, "दाखवतो की. चांगली घोडी तर मिळू दे."

मागल्या पोळ्याच्या सुमारास मामी गेल्या आणि मामांचं बोलणंच आटलं. लेकाच्या सिडकोतल्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून राहायचे. बघवत नव्हतं.

परवा बीड बायपासकडं लोकनृत्याचा आणि घोडेस्वारीचा कार्यक्रम होता. बायको, मुलगी आणि मी निघालो, तसं मामांनाही बळंच उचललं. लेझीम झालं, बंजारा बायांचा नाच झाला, मामा गप्पच. हलगी कडाडली, घोड्या नाचत आल्या, तेव्हा कुठं ते ताठ बसले.

खेळ संपल्यावर हौशी लोकांना मैदानात एक फेरी मिळत होती. म्हटलं, आता मामा प्रत्येक घोडीत खोट काढणार आणि आमचा घसा कोरडा पाडणार. पण त्यांनी समोरच्या घोडीकडं धड बघितलंसुद्धा नाही. टोपी सारखी केली, माझ्या खांद्यावर भार टाकला आणि चढले. धोतर गुडघ्याच्या वर, मांड्या लटलट कापतायत. मुलगी टाळ्या पिटत होती.

फेरी मारून आले, तसा मी चेष्टेनं म्हणालो, "मामा, आता तुम्हाला पायी नवरदेव म्हणायची कुणाची छाती नाय."

मामा उतरेचनात. घोडीच्या मानेवर हात ठेवून बसून राहिले.

"म्हणणारी होती तवाच बसायला पाह्यजे व्हतं रं," ते म्हणाले.

मग मीच लगाम धरला आणि त्यांना आणखी एक फेरी मारून आणली.