शिट्टीतला बेदाणा

फायनलला अर्धा तास उरला असताना रेफरीचा फोन आला. त्याची गाडी वाटेतच बंद पडली होती. नूला टिअर्ननने कपाळाला हात लावला. अकरा वर्षांपूर्वी सात मुली आणि एक फुटका चेंडू घेऊन तिने किलब्रॅकन गावात बायकांचा गेलिक फुटबॉलचा, म्हणजे हातापायांनी खेळायच्या आयरिश फुटबॉलचा, संघ काढला. आता साऱ्या लीट्रिम परगण्यात गाव तिथे मुलींचा संघ झाला होता, रेफरी मात्र तेवढेच राहिले होते. सामना पुढे ढकलावा, तर तिची हुकमी खेळाडू डर्वला उद्याच कायमची सिडनीला निघाली होती. त्या सातांतली संघात उरलेली ती शेवटची. चषक तिच्या हातात बघायचा होता नूलाला.

"काकू, घरात एक रेफरी पडून आहे ना?" डर्वला म्हणाली.

"तो? 'बायका मैदानात गेल्या तर चहा कोण करणार' म्हणणारा?"

नूलाच्या नवऱ्याने, मॅलकीने, तीस वर्षं पुरुषांचे सामने चालवले होते. बायकांचा एकही धड पाहिला नव्हता. समोरच्या ड्रमलारा संघानेही त्याला लगेच होकार दिला. नवरा-बायकोचं किती पटतं, ते पंचक्रोशीला ठाऊक होतं.

पहिल्याच मिनिटाला डर्वलाने जमिनीवरचा चेंडू उचलला. शिट्टी!

"काय झालं, काका?"

"चेंडू आधी पायाने वर घ्यायचा, मग हातात. असा उचलायचा नाही."

"अरे बाबा, ते तुम्हा पुरुषांत!" नूला कडेने ओरडली. "आमच्यात चालतं!"

"कधीपासून?"

"पहिल्यापासून!"

मॅलकीने मान डोलावली आणि दोन मिनिटांत पुन्हा शिट्टी मारली. डोक्याला पटलं होतं, पण तीस वर्षांची सवय ऐकेना. मध्यंतरापर्यंत अठ्ठावीस शिट्ट्या झाल्या. म्हाताऱ्याला आवरा, यावर दोन्ही संघांचं एकमत झालं.

मध्यंतरात तो चहा ओतून घेत असताना नूलाने केकमधला एक टपोरा बेदाणा काढला आणि टेबलावरच्या शिट्टीत हळूच कोंबला.

मग सामना काय रंगला! एकही शिट्टी नाही. डर्वलाने एका गुणाची आघाडी मिळवून दिली. साठ मिनिटं संपली. एकसष्ट झाली, बासष्ट झाली, तरी शिट्टी नाहीच. आपलंच पाप नूलाला आठवलं.

"मॅलकी, वेळ संपली! हात तरी वर कर!"

त्या गलक्यात ऐकतो कोण? चौसष्टाव्या मिनिटाला ड्रमलाराने बरोबरी साधली, आणि मग शिट्टी वाजली. चांगली खणखणीत.

"वाजली कशी?" नूलाच्या तोंडून निघून गेलं.

"बेदाणा मघाशीच सापडला," मॅलकी म्हणाला. "तुला काय म्हणायचंय ते कळलं. तो खाल्ला आणि शिट्टी खिशात टाकली."

"मग वेळेवर काढली का नाहीस? चषक घालवलास माझा!"

मॅलकीने टोपी काढली. "पोरी इतक्या सुंदर खेळत होत्या गं. घड्याळ बघायचंच राहिलं."

हे वाक्य ऐकायला नूला अकरा वर्षं थांबली होती. मेल्याला आजच सुचायचं होतं! रागाने बोलायला गेली, तर डोळेच भरून आले.

फायनल आता पुढच्या रविवारी पुन्हा. डर्वलाने फोन कानाला लावला होता. "आई, तिकीट आठवडाभर पुढे ढकल."

मग ती वळली. "आणि मॅलकीकाका, रविवारी रेफरी दुसरा येईल. तुम्ही या चहा करायला."