दामोदरपंतांचे दात

आमच्या घरातील केंड माशाने तुळशीची माळ घातल्याला यंदाच्या आषाढात सहा वर्षे झाली, आणि त्याचे दात वाढले ते त्यामुळेच.

त्याचे नाव दामोदरपंत. खाडीवरच्या कोळणीने विषारी म्हणून जाळ्यातून निवडून वाळूत टाकलेला हा जीव मी पूजेच्या तांब्यातून घरी आणला आणि देवघराच्या डाव्या अंगाला काचेच्या टाकीत ठेवला. दोन्ही वेळच्या भजनाने त्याचे चित्त हळूहळू पालटले. माळ मीच घातली. केंड मासा भ्यायला किंवा रागावला की फुगून नारळाएवढा होतो आणि दोऱ्यातली माळ त्याने तुटते. म्हणून आमच्या भजनाच्या रघुनाथबुवांच्या अनुमतीने मणी रबरात ओवले. त्या दिवसापासून पंतांनी शिंपल्या आणि कुर्ल्या वर्ज्य केल्या. राजगिऱ्याच्या लाह्या, भिजवलेला साबुदाणा, गुरुवारी केळ्याचा एक काप, एवढाच आहार. एकादशीच्या भजनात ध्रुपद धरण्याचा मान त्यांचा. पाण्यातून येत असल्यामुळे त्यांचा सूर अर्धी मात्रा उशिरा पोचतो. आमचे टाळकरी तेवढे थांबतात.

भाद्रपद वद्य एकादशीला टाळ थांबले, आणि ध्रुपद आले नाही.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. माझी पत्नी वत्सला टाकीत लाह्या घालून गेली होती, ती लगेच परत आली.

“अहो, पंतांनी उपवास सोडला नाही. लाह्या तशाच तरंगताहेत.”

“जप चालला असेल.”

“तोंड मिटत नाही त्यांचे, जप कसला? इकडे येऊन बघा तरी.”

पोथी वाचायचे भिंग घेऊन मी पाहिले, आणि भिंग माझ्या हातून टाकीत पडले. वरचे दोन दात खाली, खालचे दोन वर, असे वाढून पोपटाच्या चोचीसारखे एकमेकांवर चढले होते. मधल्या फटीतून लाहीसुद्धा आत जाईना. सहा वर्षे ज्या मुखाची थोरवी मी चारचौघांत सांगत आलो, ते मुख माझ्या डोळ्यांदेखत बंद होत गेले होते आणि मला पत्ता नव्हता. 

पलीकडच्या आळीत रेवती मांजरेकर नावाची दातांची डॉक्टर आहे. माझी कवळी तिनेच केली. ती आली, तिने टाकीवर बॅटरी धरली.

“तात्या, यांना खायला काय देता?”

“सात्त्विक.”

“सात्त्विक म्हणजे काय काय?”

मी सांगितले.

“कठीण काहीच नाही?”

“छे, कठीण कसे देऊ? आम्ही सगळे भिजवून देतो.”

तिने बॅटरी विझवली. “केंडाचे दात मरेपर्यंत वाढत असतात, तात्या. शिंपल्या फोडता फोडता ते झिजतात. शिंपली ही त्यांची कानस होती. तुम्ही ती काढून घेतलीत आणि वर भिजवून घातलेत.”

 जिव्हेचा मोह सुटावा म्हणून घातलेली माळ एखाद्या जिवाचे तोंड बंद करील, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

“किती दिवस आहेत?”

“चार. फार तर पाच. पण कापायला दहा मिनिटे लागतील. अशी तोंडे करू नका.”

तिने वाडग्यात टाकीतले पाणी घेतले आणि पंतांना गुंगी यावी म्हणून त्यात लवंगेच्या तेलाचे दोन थेंब सोडले. मग पिशवीतून एक लहानसा चिमटा काढला. तो पाहताच पंत फुगले. रबर ताणले, मणी दूर दूर झाले.

“रेवतीताई,” दातांच्या फटीतून ते म्हणाले, “हे हत्यार कशाचे?”

“नखे कापायचे. माणसाच्या दातांची हत्यारे तुमच्या तोंडात मावत नाहीत.”

“म्हणजे माझी ती नखे. चातुर्मासात मी केस आणि नखे काढत नाही. आषाढीला तसा संकल्प केला आहे.”

“तुम्हाला केस नाहीत, पंत.”

“म्हणून तर नखांचे कसोशीने पाळतो.”

“नखे तरी कुठे होती?”

“आता सापडली.”

 मी रघुनाथबुवा खानोलकरांना बोलावणे पाठवले. बुवांनी पाय धुतले, टाकीसमोर आसन घेतले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि डोळे मिटले.

“संकल्प मोडता येत नाही,” ते म्हणाले, “पण सोपवता येतो. घेणाऱ्याने मात्र तो जसाच्या तसा पाळावा. वहिनी, तुमचे दात?”

“माझे सगळे शाबूत आहेत, बुवा. पण दिवाळी तोंडावर आली. दात संकल्पात अडकले तर चकल्या चावून कोण बघणार? यांना खुसखुशीत आणि कडक यांतला फरक कळत नाही.”

“तात्या?”

“माझा एकही नाही. पंधरा वर्षे कवळी आहे.”

“माळ कोणी घातली होती?”

“मी.”

बुवांनी टाकीकडे बोट दाखवले. मी उजव्या तळहातावर टाकीतले पाणी घेतले. कार्तिकी एकादशीपर्यंत दात कापणार नाही, असे तीन वेळा उच्चारले. पंतांनी आतून “दिला” म्हटले आणि त्यांचा फुगारा उतरला. दात नसलेल्या माणसाला हा संकल्प फार सोपा जातो आहे, असा एक विचार त्या पवित्र क्षणी माझ्या मनात आला. तो मी लपवत नाही.

पंत लवंगेच्या पाण्यात आडवे झाले. रेवतीने त्यांना ओल्या पंच्यात धरले. चिमट्याचे चार आवाज झाले. प्रत्येक आवाजाला माझ्या हिरड्यांतून कळ गेली. ती मनाची असेल असे मला वाटले. घटकाभराने पंत शुद्धीवर आले, त्यांनी तोंड मिटले, उघडले, पुन्हा मिटले, आणि केळ्याचा काप खाल्ला. वत्सलेने पदर डोळ्यांना लावला.

“यापुढे टाकीत नारळाची करवंटी ठेवा,” रेवती म्हणाली. “कुरतडत बसतील. माळेलाही बाधा नाही.”

त्रयोदशीच्या सकाळी मी कवळी घ्यायला ग्लासात हात घातला. ती निघेना. वरच्या पाळीचे पुढचे दोन दात वाढून ग्लासाच्या तळाशी अडकले होते. मी ओरडलो असेन, कारण वत्सला लाटण्यासकट धावत आली. तिने ग्लास उजेडात धरला आणि तशीच रेवतीकडे निघाली.

रेवतीने येऊन मोजले. “दोन सुतं, म्हणजे पाव इंच. ही मीच केलेली ना?”

“तूच.”

“कापू?”

“कार्तिकीपर्यंत नाही.”

“मग पेज प्या,” ती म्हणाली आणि तिने हात धुतले.

बुवांना निरोप दिला. उलट निरोप आला, संकल्प पोचला म्हणायचा.

आज घटस्थापना. कार्तिकी एकादशीला अजून चाळीस दिवस आहेत. ग्लास परवाच लहान पडला, म्हणून कवळी पूजेच्या तांब्यात ठेवली होती. ज्यातून पंत घरी आले, त्याच तांब्यात. आज पहाटे ती तिथेही मावेना. संध्याकाळच्या आरतीपूर्वी मी ती टाकीत सोडली. ती सावकाश तळाशी जाऊन टेकली. मी बोळक्या तोंडाने आरती म्हणू लागलो, शब्द नीट उमटेनात. पंतांनी माझ्यासाठी प्रत्येक ओळ पुन्हा म्हटली, अर्धी मात्रा उशिरा.

आरती संपल्यावर ते थोडे सरकले, कवळीला जागा करून दिली, आणि आपल्यापुढची करवंटी नाकाने तिच्याकडे लोटली.