कांबळेभाऊंचं इजिप्त

आमच्या कांबळेभाऊंसमोर भूमितीचं नाव काढायची सोय नव्हती. काटकोन त्रिकोणाच्या ज्या प्रमेयानं शाळेत आपल्याला रडवलं, ते मांडणारा ग्रीक त्यांच्या मते निव्वळ विद्यार्थी.

"वहिनी, मूळ बघा, मूळ! इजिप्तच्या देवळात पुजाऱ्यांचे पाय धरून शिकला तो. गुप्त विद्या होती ती! गावी परतला आन् सोताच्या नावावर खपवली!"

एवढं ऐकेपर्यंत माझी भाजी करपलेली असायची.

आखातात, सनाबिसला ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. सलमाबादच्या एका वर्कशॉपात एसी दुरुस्त करायचे. नव्वदीची सुरुवात होती, बोलायला आपली माणसं कमी, म्हणून मी ऐकून घ्यायचे. पण शुक्रवारच्या सुट्टीत बुद्धवंदना झाली की भाऊ पुन्हा सुरू! म्हणे, इजिप्तमध्ये मेल्यावर माणसाचं काळीज तराजूत घालतात, दुसऱ्या पारड्यात पीस...

"अहो कांबळे, आपण आत्मा मानत नाही!" आमचे हे खेकसायचे.

"मी कुठं मानतोय? ग्रीकांनी मानला. त्यो कुणाकडनं उचलला, ते सांगतोय!"

एकदा तर त्यांनी वर्कशॉपच्या ऑफिसातला इजिप्तचा हिशोबनीस, फथी, वंदनेला पाहुणा म्हणून आणून बसवला. म्हणे, ज्ञानाचा वारसदार! तो बिचारा घामाघूम. "खलास, कांबळे, खलास! मैं कॉमर्स पास है!" म्हणत त्यानं खीर संपवली आणि पळ काढला. हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

मग गावाकडे भाऊंची मुलगी सुजाता बारावी झाली आणि व्हिजिट व्हिसावर यायची ठरली. भाऊ आनंदात असतील असं मला वाटलं, तर स्वारी माझ्या स्वयंपाकघरात तोंड पाडून उभी.

"वहिनी, हिच्याशी बोलू काय? दर दोन वर्षांनी महिनाभर घरी जायाचो. मला पाव्हण्यासारखा च्या आणून द्यायची आन् आत पळायची. यंदा बोलली न्हाई तर पुढं सासरी जाईल. मग कधी बोलायची?"

काय सांगणार? म्हटलं, "काहीही बोला, पण इजिप्त नको. पोरगी परत पळेल."

ती आली त्या दिवशी दोघांना आमच्याकडेच जेवायला बोलावलं. बाप-लेक समोरासमोर आपापल्या ताटात बघत बसले. मीच आपली भात वाढत बडबडत होते. शेवटी सुजाताच म्हणाली, "बाबा, ते इजिप्तचं सांगा ना. आई म्हणाली, ते विचारलंस की बाबा बोलतील."

ह्यांनी कपाळाला हात लावला. आता पहाटेपर्यंत सुटका नाही!

भाऊंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"ते ऱ्हाऊ दे गं. तू सांग. तुला सायकल कुणी शिकवली?"

"मामानं."

"पडलीस?"

"लई वेळा."

भाऊंनी हातातला घास खाली ठेवला.

"कुठं लागलं? बघू."

तिनं बाही वर केली. कोपरावर जुना, पांढरा पडलेला व्रण होता. भाऊंनी तो हात धरला आणि व्रणावर हळूच फुंकर घातली.